आंदोलनाची केस, छेडछाडीची केस आणि टॅक्सीचं लायसन्स

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, तेव्हा दोन ओळींत भागवत नाही. टॅक्सी ड्रायव्हरची तब्येत आणि वर्तणूक दोन्ही कडक तपासा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारता, ‘निपाणी-खानापूरच्या पोरांवर सीमा आंदोलनाच्या केसेस आहेत, त्यांनी मग हमाली करायची का?’

अजिबात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १९ काढून बघा. लायसन्स काढून घ्यायची कारणं तिथं आहेत: सराईत गुन्हेगार, अट्टल दारुडा, दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरणारा, लोकांच्या जिवाला धोका होईल असं वागणारा. केंद्रीय नियमांतला २१ वा नियम आणखी तपशिलात जातो. प्रवाशाला मारहाण, त्याच्या सामानाची चोरी, अपहरण. सीमाभागात १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत घोषणा दिल्या म्हणून यात कोण बसतो, सांगा. शिवाय ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून, कारण लेखी नोंदवूनच कारवाई करता येते.

तुमची भीती खरी ठरते ती दुसरीकडे. ॲपवाल्या टॅक्सींसाठी केंद्रानं २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. मागच्या ७ वर्षांत शिक्षा झालेला ड्रायव्हर नको, असं त्यात होतं, आणि लैंगिक गुन्ह्यांच्या पंगतीला मालमत्तेचं नुकसानही बसवलं होतं. मोर्चात काच फोडणारा आणि बाईच्या अंगावर हात टाकणारा एका मापानं मोजणं मला पटत नाही. पण तिथंही शब्द ‘शिक्षा झालेला’ असाच होता. नुसती केस चालू असणं म्हणजे शिक्षा नव्हे. मात्र छेडछाडीत शिक्षा झालेल्याला मी सूट देणार नाही, मग तो आपल्या गल्लीतला का असेना.

तब्येतीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. माझा अर्धा लेख त्यावरच होता! ट्रान्सपोर्ट लायसन्सचं नूतनीकरण पूर्वी ३ वर्षांनी व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीनं ते ५ वर्षांवर गेलं. म्हणजे फॉर्म १-ए, म्हणजेच तब्येतीच्या दाखल्यावर, डॉक्टरची सही लागते तीही तेवढ्याच अंतरानं, आणि काही ठिकाणी मान वर न करताच शिक्का बसतो. पावसाळ्यात रात्री चोर्ला घाट उतरणाऱ्या माणसाचे डोळे कुणी तपासलेच नसतील, तर मागे बसलेल्यानं कुणाच्या भरवशावर बसायचं?

राहिला तुमच्या ओळखीतल्या मुलाचा प्रश्न. पोलीस व्हेरिफिकेशनवरून त्याला लायसन्स नाकारलं असेल तर तो नकार कारणासकट लेखी मागा. अपिलाला ३० दिवसच मिळतात, आणि तोंडी ‘होत नाही, जा’ एवढ्यावर वकील तरी काय लिहिणार?