बुडत्याला काडीचा आधार

पैसे भरून बघायचा टीव्ही आम्ही बंद केला. वाहिन्या शेकड्यांनी आणि रिमोट फिरायचा त्याच चार-पाच ठिकाणी. कनेक्शन तोडायचंय म्हटल्यावर फोनवरच्या मुलीने इतक्या कळवळ्याने कारण विचारलं, की मला उगाचच अपराधी वाटलं. तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत पार पडलं. आता हवेतून फुकट येतंय ते घ्यायचं, त्याला एक अँटेना लागतो, तो आणला की झालं.

अँटेना म्हणजे मोजून कापलेली धातूची काडी. खोकं वाचलं तर मात्र असं अजिबात वाटत नाही. ‘फोर-के’, ‘एट-के’ (म्हणजे चित्र किती बारकाव्याचं), शिवाय ‘पल्ला तीनशे किलोमीटर’! आता त्या काडीला लहरीतून मॅच येतेय की बातम्या, हेसुद्धा कळत नाही; ती फोर-के कुठून ओळखणार? आणि पल्ल्याचं म्हणाल तर टीव्हीचं प्रक्षेपण करणारा मनोरा ३०० मीटर उंच, आपलं छप्पर १० मीटरवर, मध्ये डोंगर-इमारत काही नाही असं धरलं, तरी साधारण ८५ किलोमीटरनंतर लहर आपल्या डोक्यावरून निघून जाते. पृथ्वी गोल आहे ही बातमी खोकी छापणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेली नाही.

खरं गणित शाळकरी आहे. ३०० ला वाहिनीच्या लहरीच्या वारंवारतेने, म्हणजे मेगाहर्ट्‌झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते आणि साध्या अँटेनाची काडी तिच्या निम्मी लागते. म्हणजे ६०० मेगाहर्ट्‌झला २५ सेंटिमीटर, २०० ला ७५. आपल्याकडच्या वाहिन्या कुठल्या पट्ट्यात आहेत, मनोरा कुठल्या दिशेला आणि किती लांब आहे, एवढं कळलं की निवड जवळजवळ होते. यातलं काहीही खोक्यावर नसतं.

छपरावर बसवायचा तो माशाच्या काट्यासारखा अँटेना १९२६ च्या सुमाराचा, जपानचा. मागे एक परावर्तक, मग मुख्य काडी आणि पुढे मनोऱ्याकडे रोखलेल्या लहान-लहान काड्या. त्यावर बरंचसं काम केलं शिंतारो उदा यांनी. जग त्याला म्हणतं ‘यागी’, म्हणजे त्यांच्या वरिष्ठ प्राध्यापकांच्या नावाने. ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेजारच्या काकांचं मत पडलं, ‘अॅम्प्लिफायर लावा, बाकी काही बघू नका.’ केबल लांब असेल तर अॅम्प्लिफायर कामाचा, तोही अँटेनाजवळ बसवला तर. पण जो सिग्नल मुळात आलाच नाही तो अॅम्प्लिफायर कुठून आणणार? तो आलेल्या सिग्नलबरोबर कचराही मोठा करतो, वर स्वतःचा थोडा घालतो. अर्धवट ऐकलेलं मोठ्या आवाजात सांगणं म्हणजे नवी माहिती नव्हे, हे काकांना कोणी सांगायचं?

छपरावर चढण्याआधी मेहुण्याकडून कागदासारखा चपटा अँटेना उसना आणला. घरातली खरी परीक्षा तिथून सुरू झाली. जिथे सिग्नल उत्तम, नेमकी तीच जागा बायकोच्या दृष्टीने अशक्य. दिवाणखान्याच्या खिडकीच्या मधोमध चित्र स्वच्छ! ‘अहो, तिथे? येणारा-जाणारा काय म्हणेल?’ कपाटामागे लपवला तर पडदा काळा. शेवटी मुलाने हातात धरला आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. त्याने हात सोडला की गेलं. माणसाचं शरीरही लहरी वळवतं, अडवतं, त्यामुळे हे शास्त्राला धरूनच होतं. पण मुलाने अख्खी मालिका संपेपर्यंत उभं राहायला साफ नकार दिला. ‘बाबा, तुम्ही धरा ना!’

जुन्या टीव्हीला निदान माणुसकी होती. सिग्नल क्षीण झाला तर मुंग्या यायच्या, एका फलंदाजाचे दोन दिसायचे, पण बॅट कोणाच्या हातात आहे ते कळायचं. डिजिटलला काठावर पास होणं मंजूर नाही. चित्र एकतर झकास, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन थिजलेलं, आणि हे व्हायचे मुहूर्तही त्याला बरोबर साधतात.

मग यागीच आणला आणि छपरावर चढलो. पूर्वी ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ असा थेट संवाद चालायचा. आता अँटेना जरा वळवला, की नव्या वाहिन्या सापडतात का ते बघायला टीव्हीला शोधाला लावायचं आणि वाट बघायची. खालून ‘बारा टक्के’, ‘एकोणतीस टक्के’ अशा घोषणा येत होत्या आणि मी दांडा धरून उभा.

तेवढ्यात काका वर आले. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या डिशांकडे हात करून म्हणाले, ‘सगळ्यांची तोंडं तिकडे आणि तुमचं एकट्याचं उलटं?’ मी सांगितलं, त्या डिश विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचावरच्या उपग्रहाकडे बघतात, आपला बघतोय मनोऱ्याकडे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘असेल बुवा. पण एवढे सगळे चुकतील का?’ म्हणाले आणि खाली गेले.

मी ओरडून विचारलं, ‘दिसतंय का?’

‘अगदी स्वच्छ!’ बायको खालून म्हणाली. ‘पण काका म्हणतायत तर एकदा तिकडे फिरवून बघा ना!’