खांद्यावर बाप, बोटाला मुलगा आणि बायको मागे

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याचा नायक ईनिअस. त्याला ‘कर्तव्यनिष्ठ वीर’ म्हणून मोकळं होणं मला कधी जमलं नाही. व्हर्जिल त्याला पुन्हा पुन्हा ‘पिउस’ म्हणतो. देव, आईबाप, मुलंबाळं, देश या सगळ्यांचं देणं मानणारा, असा त्याचा अर्थ. आपला ‘धर्म’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गात त्याचं शहर, ट्रॉय, जळतंय. ईनिअस म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेतो. कुलदेवता बापाच्याच हातात देतो, कारण स्वतःचे हात रक्ताने माखलेत, वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही. (सोवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.) लहानग्या मुलाने त्याचा हात धरलाय, बापाच्या ढांगांशी त्याची पावलं जुळत नाहीत. आणि बायको, क्रेऊसा? तिने मागून यायचं, अंतर ठेवून.

गावाबाहेर सगळे जमतात तेव्हा एकच माणूस कमी असतं. आपण एकदाही वळून पाहिलं नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. मग वेड्यासारखा परत धावतो, जळत्या गल्ल्यांतून तिच्या नावाने हाका मारतो. भेटते ती तिची छाया. तीनदा मिठी मारायला जातो, तीनदा हात रिकामे.

ज्यूलिअस सीझरचं घराणं स्वतःला याच ईनिअसचं वंशज म्हणवायचं. इ. स. पू. ४७-४६च्या सुमारास त्याने पाडलेल्या नाण्यावर ईनिअस आहे, खांद्यावर बाप आहे, हातात देवीची मूर्ती आहे. क्रेऊसा नाही. नाण्यावर जागा किती असणार म्हणा! पण व्हर्जिलने तिला काव्यात जागा दिली, म्हणून तो मला मोठा वाटतो.

त्याच्यावर जीव जडलेल्या कार्थेजच्या राणीचं, डायडोचंही तेच. देवाची आज्ञा आली म्हणून ईनिअस कार्थेज सोडतो. ‘इटलीला मी आपखुशीने जात नाहीये’ असं तिला सांगतो. ती कोसळते, दासी उचलून नेतात. आणि नेमक्या त्याच जागी व्हर्जिल त्याला ‘पिउस’ म्हणतो! पूर्वी मला हा टोमणा वाटायचा. आता वाटतं, त्याला खरंच तसं म्हणायचंय, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं.

पण खरा पेच शेवटी आहे. सहाव्या सर्गात पाताळात भेटलेला बाप रोमनांना, म्हणजे ईनिअसच्या पुढच्या वंशजांना, बजावतो: शरण आलेल्यांना सोडा, माजलेल्यांना वठणीवर आणा. बाराव्यात टर्नस, इटलीतला त्याचा शत्रू, गुडघे टेकून, अँकायसिसचीच आठवण देऊन, दया मागतो. ईनिअसचा हात थबकतो. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर पालासचा पट्टा दिसतो. पालास म्हणजे म्हाताऱ्या राजाने विश्वासाने त्याच्या हवाली केलेला पोरगा, टर्नसने मारलेला. मित्राच्या मुलाचं देणं फेडायचं की बापाचा शब्द पाळायचा? ईनिअस रागाने पेटतो आणि तलवार खुपसतो. ज्याला खांद्यावर वाहून आणलं, त्याचंच ऐकत नाही.

आणि तिथेच काव्य संपतं. होमरच्या ‘इलियड’च्या शेवटी ट्रॉयच्या वीराचे, हेक्टरचे, अंत्यसंस्कार तरी होतात. इथे टर्नसचा जीव कण्हत पाताळात जातो, बस्स.