कालपर्यंत चालत होतं

"सर, उठला होता ना?"

रविवार, सकाळचे पावणेसात. मी उठलो नव्हतो, पण बार्शीच्या काकांना तसं सांगायची माझी टाप नाही.

"हो हो, केव्हाच. बोला काका."

"ते तुमचं सॉफ्टवेअर. काल संध्याकाळपर्यंत चालत होतं की ओ."

हे वाक्य मी गेली बारा-तेरा वर्षं ऐकतोय. माणसं बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच. डॉक्टरला निदान पेशंटचं पोट दुखतंय की डोकं एवढं तरी कळतं. इथे फक्त एवढंच कळतं की काल दुखत नव्हतं.

मुळात हे लचांड गळ्यात पडलं ते वडिलांमुळे. निवृत्तीनंतर त्यांनी आमचा कुलवृत्तांत लिहिला आणि चांगला दोनशे पानं टाइप करून घेतला. तो होता जुन्या फॉन्टात. जुने फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा वेशांतराचा प्रयोग. आत सगळी इंग्रजी अक्षरं, फक्त वरून देवनागरी पोशाख. एका फॉन्टात इंग्रजी 'एफ' म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि 'डी' म्हणजे 'क'. फॉन्ट असेल तर 'कि' दिसणार, नसेल तर 'एफडी'. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तेव्हा आमचे मूळपुरुष, त्यांचे तीन मुलगे आणि कोकणातून घाटावर झालेलं स्थलांतर या सगळ्याची बँकेतली ठेव झाली होती.

म्हणून २०११ साली पायथन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला : जुना फॉन्ट घ्यायचा, युनिकोड द्यायचं, म्हणजे अक्षरं लिहिण्याची ती पद्धत जिच्यात 'क' हा सगळ्या संगणकांवर 'क'च असतो. वाटलं दोन तासांचं काम आहे. पण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर यावी लागते. रफार डोक्यावर दिसतो, टाइप होतो शेवटी, आणि युनिकोडला तो हवा असतो सुरुवातीला. 'आर्थिक' या एका शब्दाने माझ्या दोन रात्री खाल्ल्या. कुलवृत्तांत सुटला, आणि मी उत्साहाच्या भरात प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करून टाकला. वापरा, बदला, वाटा. परवान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की याची कसलीही हमी नाही. तो परवाना आजवर एकाच माणसाने वाचला आहे. तो चिकटवताना मी वाचला होता, तोही अर्धाच.

काकांचा बार्शीला छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया विधी, सगळं. पंचवीस वर्षांचे नमुने जुन्या फॉन्टात पडलेले. हल्ली पत्रिका छापायच्या आधी व्हॉट्सॲपवर जाते, आणि तिथे युनिकोड लागतं. त्यांना माझा प्रोग्रॅम कुणी दिला देव जाणे. दर दिवाळीला ते शेंगाच्या चटणीचा डबा पाठवतात. या प्रकल्पातलं ते माझं एकूण वार्षिक उत्पन्न, आणि ते घेऊन बसल्यावर फोन न उचलण्याची सोय राहत नाही.

आता मी पायथन दोनमध्ये लिहीत होतो ही माझी पहिली चूक. पायथन तीन तर २००८च्या डिसेंबरातच आलं होतं. पण आमच्याकडे नवीन सूनबाई आल्या म्हणून सासूबाई लगेच किल्ल्या देत नाहीत, तसं पायथन दोन हटेना. आधी सांगितलं २०१५ला निवृत्ती. मग मुदतवाढ. शेवटी १ जानेवारी २०२०ला ते एकदाचं गेलं. म्हणजे दोन्ही अकरा-बारा वर्षं एकाच घरात. आणि मधल्या काळात आमच्यासारख्यांनी दोघांचंही मन राखायचं.

मराठी माणसाला तर हा बदल नीट कळण्यासारखा होता. पायथन दोनमध्ये 'मी' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं सहा, कारण ते बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीचे कप्पे मोजायचं, आणि मराठीच्या एकेका चिन्हाला तीन कप्पे लागतात. पायथन तीनमध्ये तेच विचारलं तर उत्तर दोन : म आणि त्याची वेलांटी. डोळ्यांना दिसतं एकच अक्षर. मी तोच, माझी लांबी मात्र कोण मोजतंय त्यावर. सासुरवाडीला जाऊन आलेल्या कुणालाही हे पटेल. पण प्रोग्रॅममध्ये मी जिथे जिथे 'सहा पावलं पुढे जा' असं लिहून ठेवलं होतं तिथे तो आता दुसऱ्याच शब्दात घुसून वेलांट्या उचलून आणायला लागला. बार्शीहून फोन. "सर, 'चिरंजीव'चं 'चरिंजीव' झालंय. मुलाकडचे चिडलेत." मी पत्रिका पाहिली. मुलाकडच्यांनी चिडायला पाहिजेच होतं.

मग आवृत्तीचे आकडे. आमच्या धंद्यात एक शिष्टाचार आहे : आवृत्तीला तीन आकडे. पहिला वाढला तर समजायचं की जुनं मोडलंय, सांभाळून. दुसरा वाढला तर काही नवं आलंय. तिसरा म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आणि पहिला आकडा शून्य असेल तर काहीही, कधीही बदलू शकतं. माझा प्रकल्प अर्थातच वर्षानुवर्षं शून्यावर आहे. साखरपुडा झालाय, लग्नाची तारीख काढत नाही, अशी ती अवस्था. ०.८ झालं, ०.९ झालं, आणि मग मी ०.१० काढली. काकांचा फोन.

"सर, मागं आलात का?"

"म्हणजे?"

"शून्य पूर्णांक नऊ होतं, आता शून्य पूर्णांक दहा. नऊ मोठं ना ओ?"

मी त्यांना समजावलं की हा दशांश नाही, तो टिंब म्हणजे नुसता दुभाजक. काका "बरं" म्हणाले, पण त्या 'बरं'मध्ये मला वाचवल्याचा सूर होता. मी मनात हसलो. आणि पुढच्याच वर्षी पायथन ३.१० आलं. माझ्या स्वयंचलित चाचण्यांच्या यादीत मी '३.१०' लिहिलं, आणि यंत्राने ते दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य टाकून दिलं. दोन तास तो निरोप येत होता : पायथन ३.१ सापडत नाही. २००९ची आवृत्ती कुठून सापडणार! शेवटी त्या आकड्याला अवतरणचिन्हं घातली तेव्हा सुटलो. काकांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

त्याच ३.१०ने आणखी एक खोडी काढली. मी ज्या दुसऱ्याच्या लायब्ररीवर, म्हणजे त्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडवर उभा होतो, ती कोसळली. कारण पायथनने काही नावं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत २०१२ सालीच हलवली होती, नऊ वर्षं जुनी खोलीही उघडी ठेवली होती, आणि २०२१मध्ये कुलूप घातलं. यात पायथनला बोल लावता येत नाही, त्यांनी आगाऊ इशारा दिला होता. फक्त असे इशारे बहुतेक वेळा पडद्यावर दिसतच नाहीत, मुद्दाम मागावे लागतात. आणि दिसले तरी काय? पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं तेवढंच त्यांना वजन. लोक वाचतात, मान डोलावतात आणि पाकिटात एकशे एक घालून येतात. मी स्वतः तो इशारा तीन वर्षं पाहत होतो. पाकीट तयार होतं.

पण सुरुवातीला सांगितलेला तो रविवार वेगळा होता.

आदल्या महिन्यात नागपूरहून एका कॉलेजच्या मुलीने माझ्या प्रकल्पात दुरुस्त्या पाठवल्या होत्या. इतका नीटनेटका कोड मी माझ्या हयातीत लिहिलेला नाही. सोबत निरोप : 'दादा, चारशे ओळी मेलेल्या होत्या, काढल्या. आणि विसर्गाची चूक दुरुस्त केली आहे.' विसर्गाची चूक खरीच होती. जुन्या फॉन्टात लोक विसर्ग म्हणून सर्रास कोलन मारत. म्हणून मी पूर्वी सरसकट नियम केला होता : अक्षराला चिकटून कोलन आला की त्याचा विसर्ग करायचा. 'नमः' बरोबर व्हायचं, पण 'स्थळ:' आणि 'वेळ:' यांच्याही गळ्यात विसर्ग पडायचा. तुम्ही म्हणाल, विसर्ग आणि कोलनमध्ये फरक तो काय, दोन ठिपक्यांचा. तेवढाही नाही, दोन्हीकडे ठिपके दोनच. पण एक देवनागरी चिन्ह, दुसरं विरामचिन्ह, आणि संगणकाच्या लेखी त्यांची जातकुळीच निराळी. तिने शब्दांची यादी करून कोलन तिथे कोलन आणि विसर्ग तिथे विसर्ग केला. मराठी म्हणून शंभर टक्के शुद्ध. मी खुशीत नवी आवृत्ती काढली.

"तर झालं काय सर," काका सांगू लागले, "आमचा पोऱ्या हुशार. त्यानं एक बटण बनवलंय. ते 'स्थळः' शोधतं अन् पुढं कार्यालयाचं नाव टाकतं. काल त्याला 'स्थळः' सापडलंच नाही."

"मग?"

"मग जुन्या पार्टीचं कार्यालय तसंच राहिलं. पत्रिका गेली की चाळीस जणांना. मुलीच्या मामानं फोन केला, की आमची पोरगी पंढरपूर रोडला उभी राहणार अन् वऱ्हाड कुर्डुवाडीला?"

मी उठून बसलो. पोऱ्याने शोधण्यासाठी 'स्थळः' माझ्याच प्रोग्रॅमच्या उत्तरातून उचलला होता, विसर्गासकट. म्हणजे माझी चूक हा त्याच्या बटणाचा पाया होता. मी पाया दुरुस्त केला आणि वरचा मजला पडला.

नागपूरला लिहिलं, बदल मागे घ्यावा लागेल. उत्तर लगेच. 'पण दादा, ते चूक होतं!' मग मी तिला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा दाखला दिला. तिचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा तिथे जुना दंडक आहे : काल चालणारा प्रोग्रॅम आज कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या बदलाने बंद पडला, तर दोष कर्नलचा. प्रोग्रॅम चुकीच्या गोष्टीवर विसंबून होता, ही सबब चालत नाही. कुणी ती पुढे केलीच, तर त्याची भर चावडीवर बिनपाण्याने केली जाते. हा माणूस फिनलंडचा, बार्शीला आला असण्याचा संभव नाही, पण काकांची वकिली इतकी चोख कुणी केलेली नाही. मुलीने थोडा वेळ विचार केला असावा. मग तिचा निरोप आला : 'म्हणजे चूक जुनी झाली की तिला मान द्यायचा?'

मी लिहिलं, लग्नकार्यात हेच असतं. पत्रिकेवर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कोणत्या आत्याला वेगळं बोलवायचं, याला काही शास्त्र आहे का? पण मागच्या कार्यात झालं होतं ना, मग यंदाही झालं पाहिजे. ती म्हणाली, तुमच्याकडे असेल, आमच्याकडे रजिस्टर लग्न करतात. नव्या पिढीशी वाद घालण्यात अर्थ नाही, कोड त्यांचा चांगला असतो.

तडजोड अशी निघाली की 'जुना विसर्ग' नावाचं एक कळबटण ठेवायचं. सुरू केलं की जुनी चूक, बंद ठेवलं की शुद्ध मराठी. आता ते मुळात सुरू ठेवायचं की बंद, यावर आमचा आठवडा गेला. शेवटी सुरू. शुद्ध मराठी हवी असेल तर आता ती माझ्याकडे मुद्दाम मागावी लागते. ही अट मी जाणूनबुजून घातलेली नाही.

आणि हे सगळं कशावर चालवायचं? तर विंडोज सातवर. काकांच्या पत्रिका जुळवायच्या सॉफ्टवेअरला एक डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्लीवजा डबी, तिच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) लागतो, तो प्रिंटरच्या रुंद जुन्या पोर्टला बसतो, आणि तसा पोर्ट त्यांच्या त्या एकाच मशीनला आहे. पायथन ३.९पासून विंडोज सातवर चालतच नाही. म्हणजे काकांसाठी मी ३.८ला खिळून. नागपूरची मुलगी नवीन सोयी वापरायला उतावीळ, आणि मी दर वेळी : "नको गं, बार्शीला चालणार नाही." तिला बराच काळ वाटत होतं की 'बार्शी' हे एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आहे. चूकही नाही म्हणा. २०२४च्या ऑक्टोबरात ३.८चंही आयुष्य अधिकृतपणे संपलं, सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा बंद. आता जगात ३.८ला वाली असे उरले दोघे, काका आणि मी.

आणि या दिवाळीत चटणीच्या डब्यासोबत चिठ्ठी आली. नवीन कॉम्प्युटर घेतला, विंडोज अकरा, पत्रिकेचं सॉफ्टवेअरही नवं, डोंगलची भानगड संपली. मी चिठ्ठी दोनदा वाचली. त्याच रात्री नागपूरला निरोप धाडला : बार्शी सुटली, काढ काय काढायचंय ते. तिने दोन दिवसांत ३.८साठी ठेवलेली सगळी ठिगळं उसवली. नवी आवृत्ती निघाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घोषणेत लिहिलं : विंडोज सात यापुढे चालणार नाही. लिहिताना हात जरा थरथरला.

रविवार. सकाळचे पावणेसात. अनोळखी नंबर.

"सर का? मी करमाळ्यावरून बोलतोय. ते दाजींचं जुनं मशीन मी घेतलं, डोंगलसकट. दाजींनीच तुमचा नंबर दिला."

"कोण दाजी?"

"बार्शीचे. तुमचं सॉफ्टवेअर होतं त्याच्यात. काल रात्री ते अपडेट करा म्हणलं, म्हणून केलं." पलीकडे मागे छपाईचं मशीन धडधडत होतं. "दाजींकडं तर चालत होतं म्हणं."