रेडॉनबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन निघतो, उग्र वास येतो, कापूर जाळला की जातो.’ हा मेसेज परवा मीच आपल्या मनीषनगरच्या ग्रुपवर टाकला होता. चुकलं माझं, माफ करा.

मग जागतिक आरोग्य संघटनेची माहिती नीट वाचली. रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे; त्याला रंग नाही, वासही नाही. कापराने तो जात नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून तो तयार होतो आणि फरशीच्या भेगांतून तळमजल्यात शिरतो. ओट्याचा वाटा सहसा फार थोडा. धोका मात्र खरा आहे: वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जास्तच. घरात रेडॉन किती आहे ते डिटेक्टर ठेवूनच कळतं, शक्यतो काही महिने. संघटनेची संदर्भ पातळी, म्हणजे ज्याच्या वर गेला तर तो कमी करायला हवा, ती हवेच्या घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक). नागपूरच्या थंडीतही खिडक्या थोडा वेळ उघडा.

मेसेज मी काढलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल, तर तिथेही हे कळवा.