पाठीचा बाक दप्तराने येत नाही, लोंबकळून जातही नाही

‘दप्तराच्या ओझ्याने पोरींची पाठ वाकडी होते. रोज दांडीला लोंबकळा, तेलाने रगडा, अठरापर्यंत कणा आपोआप सरळ होतो. ब्रेसच्या नादी लागू नका.’ जळगावपासून शहाद्यापर्यंत फिरणाऱ्या या निरोपातलं शेवटचं वाक्य, ब्रेस म्हणजे बाक थोपवण्यासाठी अंगावर घालायच्या कडक सांगाड्याबद्दलचं, सगळ्यात घातक आहे.

आधी दप्तर. त्याने खांदे, पाठ दुखते हे खरं. पण वयात येताना दिसणाऱ्या बहुतेक बाकाचं, म्हणजे स्कोलिओसिसचं, कारण ओझं नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र असतो. यात कणा बाजूला झुकतो आणि पिळतोही, त्याबरोबर बरगड्या फिरतात. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून कमरेतून वाकायला सांगा. मागून, पाठीच्या पातळीला डोळे आणून बघा. एका बाजूला उंचवटा दिसला तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

लोंबकळल्याने कणा तेवढ्यापुरता ताणला जातो, उतरलं की पुन्हा तसाच. मालीश स्नायूंना आराम देईल. पिळलेले मणके त्याने उलटे फिरत नाहीत.

‘आपोआप सरळ’? उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात, त्याला कॉब कोन म्हणतात. 10 अंशांपासून स्कोलिओसिस धरतात. 25 पर्यंत बहुधा दर 4 ते 6 महिन्यांनी तपासणी पुरते. पण उंची झपाट्याने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात, आणि बाकही तेव्हाच वाढतो. अठराची वाट पाहिली की ब्रेसची वेळ निघून जाते. 50 च्या पुढे गेलेला बाक मोठेपणीही वर्षाला साधारण एक अंश वाढू शकतो. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

ब्रेस 25 ते 40 अंशांत, वाढ शिल्लक असताना देतात. अमेरिका-कॅनडातल्या 2013 च्या अभ्यासात ब्रेस घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलं 50 अंशांच्या आत राहिली, न घातलेल्यांपैकी 48 टक्के. रोज सरासरी 13 तासांहून जास्त घालणाऱ्यांत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे गेलं. ब्रेस बाक थोपवतो, तो पुसून टाकत नाही. आणि ब्रेस म्हणजे दुकानातला ‘पाठ ताठ’ करणारा पट्टा नव्हे. मापाने घडवलेला, आतून पॅड लावलेला कडक प्लास्टिकचा सांगाडा.

आपल्याकडच्या वैशाखात तो घालणं सोपं नाही, मान्य. आत शिवण नसलेली, अंगाला घट्ट सुती बनियन घाला, घामाने भिजली की लगेच बदला. खाली तेल किंवा मलम लावू नका, कातडी मऊ पडून सोलते. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ब्रेस घडवणाऱ्याकडून पॅड नीट करून घ्या. कपाटात ठेवून देऊ नका.