थकवा मनाचा म्हणून मोकळं होऊ नका

तुमच्याकडे छापून आलेल्या लेखात दीर्घकालीन थकव्याच्या आजारावर (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) समुपदेशन आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम हाच उतारा असल्यासारखं लिहिलंय. आधार ब्रिटनमध्ये या उपचारांच्या झालेल्या पेस चाचणीचा (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०११, ६४१ रुग्ण). पण बरं होण्याचे तिचे निकष नंतर सैल केल्यावरून केवढा वाद झाला! उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या तिथल्याच नाइस संस्थेने २०२१ मध्ये या आजारात असा व्यायाम देऊ नका म्हणून सांगितलं. समुपदेशन ठेवलं ते आधार म्हणून, इलाज म्हणून नव्हे. हे लेखात नको का यायला?

आमच्या वहिनी ठाण्यात चरईत राहतात. जरा बरं वाटलं म्हणून गावदेवी मंडईतून भाजी आणली, की दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात उचलत नाही. पडदे ओढून पडून राहायचं, कुकरची शिट्टीही नकोशी. रिपोर्ट सगळे नॉर्मल, म्हणून डॉक्टरांचा सल्ला काय, तर "टेन्शन घेऊ नका, रोज तलावपाळीला दोन चकरा मारा." मारल्या, आणि अंथरूणच धरलं.

मनाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. घरचेच 'नाटकं करते' म्हणायला लागले तर कुणाचंही मन खचेल. पण श्रमानंतर दुखणं बळावतं का, हे आधी विचारा ना! लेखात त्यावर एक ओळ नाही.