निम्मी पदवी गावाची

डिसेंबरात दापोलीला आमच्या तुकडीचे स्नेहसंमेलन आहे आणि तिथल्या कृषी विद्यापीठाला कोणती भेटवस्तू द्यावी, यावर गेले दोन आठवडे खल चालू आहे. भेट जरूर द्यावी. परंतु एवढ्या चर्चेत गावाचे नाव एकानेही काढले नाही, हे मला खटकते. कारण माझ्या मते आमची निम्मी पदवी दापोली गावाची आहे.

१९९४ च्या पावसाळ्यात मी सांगोल्याहून कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड अशा एसट्या बदलत दापोलीच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा ट्रंकेतले कपडेसुद्धा ओले झाले होते. खानावळीच्या काकूंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "घाटावरचा दिसतोस. ज्वारीची भाकरी इथे मिळायची नाही, आधीच सांगून ठेवते." पहिले पंधरा दिवस उकड्या तांदळाचा भात माझ्या घशाखाली उतरेना, पुढे कुळथाच्या पिठल्यासाठी मीच ताट पुढे करू लागलो.

दुसऱ्या वर्षी जुलैत आम्हाला आंब्याची कोय कलमे बांधायला दिली. कोयीतून नुकतेच वर आलेले, तांबूस पानांचे कोवळे रोप वीतभराच्या आत छाटायचे, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. पावसाळी दमट हवेत काडी सुकत नाही, म्हणून हा हंगाम निवडतात, हे मला तोंडपाठ होते. तरीही माझ्या पंचवीस कलमांपैकी चारच जगली. हे ऐकून काकूंनी मला परसात नेले, कोनाड्यातला चाकू काढला आणि एक कलम बांधून दाखवले. "आधी हात कोरडे कर. जोडात पाणी शिरले की ते कुजलेच म्हणून समज. आणि पट्टी घट्ट हवी, पण गळा आवळल्यासारखी नको." पुढच्या खेपेला अठरा जगली. गुण अर्थातच माझ्या नावावर लागले.

शेवटच्या वर्षी, २६ जानेवारी १९९८ पासून, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली; दापोलीसाठी खेडला उतरायचे. त्यानंतर गाव बिघडले, जवळच्या कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावर जिकडेतिकडे पर्यटक झाले, असे रडगाणे आमच्यातले काही जण गातात. मला ते पटत नाही. आपण चार वर्षे राहून पुण्या-मुंबईकडे निघून जायचे आणि गावाने मात्र आपल्या आठवणीसाठी कौलारू राहायचे, ही अपेक्षा उद्धटपणाची आहे. घरगुती निवासाच्या उत्पन्नावर एखाद्या घरातला मुलगा मुंबईला न जाता गावातच राहिला, तर आपल्या हळहळीपेक्षा ते कितीतरी बरे.

म्हणून संमेलनाचे निदान एक जेवण केटररकडे न देता गावातल्या खानावळीत ठेवावे, अशी माझी सूचना आहे. काकू आता नाहीत, पण त्यांच्या सूनबाई खानावळ चालवतात आणि चाळीस पाने सहज वाढतील. मी आदल्या दिवशीच पोहोचतो आहे. मासळीच्या लिलावाला हर्णै बंदरावर ज्यांना यायचे असेल, त्यांनी दुपारी तीनपर्यंत स्टँडवर यावे आणि चपला जुन्याच घालाव्यात.